गुटीतलं शिसं कोण मोजणार?

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बाळगुटीवरून अधूनमधून जुंपते. डॉक्टर असलेला चुलतभाऊ सांगतो, सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका. काकू विचारते, "तू कशावर वाढलास रे?" मग कुणीतरी परदेशी औषध कंपन्यांना मध्ये ओढतं आणि सगळी गाडी आयुर्वेद विरुद्ध ॲलोपथी या नेहमीच्या रुळावर जाते. गुटीत नेमकं काय आहे, हा प्रश्न तसाच राहतो.

गुटीत उगाळतात ते वेखंडच घ्या. त्याच्या तेलात बीटा-असारोन नावाचं रसायन असतं. प्रयोगात उंदरांना त्याने गाठी झाल्या, म्हणून अमेरिकेने १९६८ साली खाद्यपदार्थांत वेखंड घालायला बंदी केली. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या रानटी वाणात ते जवळपास नसतंच. आपल्याकडच्या काही वाणांत मात्र भरपूर. त्यामुळे सहाणेवर एक वेढा दिला की दोन, एवढ्यावर भागत नाही, कांडी कुठली तेही बघावं लागतं. आयुर्वेदानेही वेखंडाचं शोधन, म्हणजे वापराआधी दोष काढून शुद्ध करणं, सांगितलंय. बाजारातल्या पुडीत ते झालेलं असतं का, हे ना काकूला ठाऊक ना चुलतभावाला.

दुसरी गोष्ट शिशाची. लहान मुलाचं शरीर ते मोठ्यांच्या चार-पाच पट शोषतं, आणि मेंदूला झालेली इजा भरून येत नाही. इथे न्यू जर्सीत मूल वर्षाचं झालं की रक्तातलं शिसं तपासतात, दुसऱ्या वर्षी पुन्हा. आमच्या वेळी नर्सने विचारलं: घराचा रंग जुना आहे का, काजळ घालता का, हळद कुठली, भारतातून औषधं आणता का? बायको चिडलीच. पण २००४ साली बोस्टनच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, तेव्हा १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं होतं.

इथल्या मराठी मंडळींनी यावर कॉलर ताठ करू नये. २००८ च्या तपासणीत अमेरिकेत बनलेली आयुर्वेदिक औषधंही तितकीच दूषित निघाली. २०२३ मध्ये तर दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या गराच्या पाऊचमधून पाचशेहून अधिक जणांना, बहुतेक चिमुरड्यांना, शिशाची बाधा झाली. सीमेवर, कारखान्यात, दुकानात कुणाच्याच ते लक्षात आलं नाही. नॉर्थ कॅरोलायनात काही मुलांच्या रक्तात शिसं दिसलं आणि तिथून माग लागला.

म्हणून मला पॅथीच्या भांडणात रस उरलेला नाही. बांगलादेशात हळदीला पिवळाधमक रंग यावा म्हणून लेड क्रोमेट हे शिशाचं रसायन घालत. २०१९ मध्ये बाजारातल्या जवळपास निम्म्या नमुन्यांत ते होतं. छापे पडले, दंड झाले, आणि २०२१ मध्ये एकाही नमुन्यात सापडलं नाही. हळद खाणं कुणी सोडलं नाही.

भारत सरकारने २००६ पासून निर्यात होणाऱ्या वनौषधींना जड धातूंची तपासणी सक्तीची केली. म्हणजे माझ्या पोरासाठी इथे न्यू जर्सीतल्या एडिसनला येणारी पुडी तपासायची, हे तेव्हाच ठरलं. ग्रुपवर भांडायचंच असेल तर जालन्याच्या बाजारातली पुडी कोण तपासतं यावर भांडा, आणि लसीच्या दिवशी तिथल्या मुलांचं थेंबभर रक्त शिशासाठी का घेत नाहीत यावरही.