एसीचा गॅस दरवर्षी 'संपत' नाही

ऊन तापायला लागलं की परभणी-जालन्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो: 'एसीचा गॅस वर्षभरात संपतो, मार्चमध्येच भरून घ्या.' हे खोटं आहे. गॅस म्हणजे गाडीतलं पेट्रोल नव्हे. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो, जळत नाही. कमी झालाच तर कुठंतरी गळतोय, पुष्कळदा फ्लेअर नटापाशी, म्हणजे नळी युनिटला जोडणाऱ्या नटापाशी. तिथं तेलकट डाग दिसतो, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. ती गळती तशीच ठेवून गॅस भरणं म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणं.

आपल्याकडं गारवा कमी होण्यामागं बरेचदा नुसती धूळ असते. गच्चीवरच्या आउटडोअर युनिटची जाळी पार बुजलेली असते. मेन स्विच बंद करून आधी ती धुवा, आतले फिल्टर झाडा.

गॅस भरायचाच असेल, तर गळती काढल्यावर व्हॅक्यूम पंपानं नळ्यांतली हवा आणि ओल ओढून घ्यायला सांगा. मग युनिटवरच्या पट्टीवर लिहिलंय तेवढाच गॅस, काट्यावर मोजून. 'अंदाजे टाकतो' म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आणि हो, बऱ्याच एसींत असणारा आर-३२ नावाचा गॅस पेट घेऊ शकतो. काम चालू असताना जवळ विडी-काडी नको.