चांगुलपणाचा दाखला कसा काढावा

समजा, तुम्ही अमेरिकेत राहणारे मुसलमान आहात. दचकू नका, नुसतं समजा. आपल्याकडे तहसील कचेरीत उत्पन्नाचा, रहिवासाचा, जातीचा असे नाना दाखले मिळतात. तिकडे तुम्हाला एकच लागतो: चांगला माणूस असल्याचा. त्याला खिडकी नाही, फॉर्म नाही. मुदत मात्र आहे, पुढचा हल्ला होईपर्यंत.

म्हणून बातमी आली की आधी निषेध करायचा, मग चहा. हल्लेखोराचं नाव तुमच्या वळणाचं नसलं तर तो एकलकोंडा होता, मनाने आजारी होता, हे चॅनेलवाले शोधून काढतील. तुमच्या वळणाचं निघालं तर त्याच्या बालपणात कुणाला रस नसतो. तुमच्या असतो.

पोरांना विज्ञानाची गोडी लावू नका. लावलीच तर कुंडीतल्या रोपांपुरती. २०१५ मध्ये टेक्सासातल्या अर्व्हिंग गावी १४ वर्षांच्या एका मुलाने घरी जोडलेलं घड्याळ कौतुकाने शाळेत नेलं. त्यात कुणाला बॉम्ब दिसला, पोलीस आले, पोराच्या हातात बेड्या पडल्या. पुढे खुद्द ओबामांनी त्याला घड्याळासकट व्हाइट हाउसला बोलावलं. तिथवर वशिला असेल तर तुमच्याही पोराने खुशाल घड्याळ करावं.

बाकी ओबामांवरही हा आळ होताच. २००८ च्या प्रचारात मिनेसोटातल्या एका सभेत एक बाई म्हणाल्या, ओबामा अरब आहेत. प्रतिस्पर्धी मॅकेन यांनी तिच्या हातातून माइक घेतला आणि सांगितलं, नाही हो बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल गृहस्थ आहेत. केवढा दिलदारपणा म्हणून वाहवा झाली, आणि ती पोकळ नव्हती, स्वतःच्याच समर्थकांना गप्प करायला धाडस लागतं. पण उत्तर पुन्हा एकदा वाचा. अरब की सभ्य गृहस्थ, एकाच रकान्यात खूण करायची होती. काही दिवसांनी कॉलिन पॉवेल टीव्हीवर म्हणाले, ते मुसलमान नाहीत, पण असते तर काय बिघडलं असतं? पॉवेल निवृत्त जनरल होते, त्यांना असलं विचारणं परवडतं. तुम्ही विचारू नका.

कायदा पाळताना जरा जपून. २००२ मध्ये सरकारने फर्मान काढलं की २५ देशांतून तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या १६ वर्षांवरच्या पुरुषांनी स्वतः येऊन बोटांचे ठसे द्यावेत. २५ पैकी २४ देश मुस्लीमबहुल, पंचविसावा उत्तर कोरिया, बहुधा चवीपुरता. ८० हजारांहून जास्त लोक आज्ञाधारकपणे रांगेत उभे राहिले. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणांना देशाबाहेर घालवण्याची कारवाई सुरू झाली. दहशतवादाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली शून्य जणांना. खरा दहशतवादी रांगेत कशाला उभा राहतोय!

ओक्लाहोमात तर शक्यतो मुक्कामच करू नका. तिथे मुसलमान लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत, पण राज्यावर शरियत येणार या धास्तीने २०१० मध्ये सुमारे ७० टक्के मतदारांनी ती आधीच बंद करून टाकली. पुढे न्यायालयाने ती बंदीच रद्द केली. शरियत अजून पोचलेली नाही.

इथवर वाचून न्यू जर्सीतल्या एडिसन गावातले जोशी-कुलकर्णी म्हणतील, आमचा काय संबंध? मुळीच नाही. फक्त समोरच्याला तसं सांगायला सवड मिळाली पाहिजे. ११ सप्टेंबर २००१ नंतर चौथ्याच दिवशी ॲरिझोनातल्या मेसा इथे पेट्रोल पंपाच्या शीख मालकाला गोळी घालून मारलं, पगडी बघून. २०१७ मध्ये कॅन्ससातल्या ओलेथच्या बारमध्ये दोन भारतीय इंजिनिअर बसले होते. गोळ्या झाडणाऱ्याला ते इराणी वाटले, त्यांतला एक गेला. तेव्हा नाव, गाव, गोत्र आधीच छातीवर लिहून फिरलेलं बरं. बायकांसाठी सोपा उपाय आहे, लांबून दिसेल अशी ठळक टिकली लावावी.

फक्त १९८७ मध्ये जर्सी सिटीत ती लावायची नव्हती. तिथे तेव्हा ‘डॉटबस्टर्स’ नावाची टोळी भारतीयांना मारत होती, आणि तिचं नावच टिकलीवरून पडलं होतं. त्याच वर्षी शेजारच्या होबोकेनमध्ये एका भारतीयाला जमावाने मरेपर्यंत मारलं.

तो पारशी होता.