उतारवय

मी अजून जिवंत आहे की नाही, अशी शंका सरकारला दर नोव्हेंबरात येते आणि निवृत्तिवेतन अडू नये म्हणून तिचे निरसन मला करावे लागते. २०१४ पासून हयातीचा दाखला अंगठ्याच्या ठशावर घरबसल्या मिळण्याची सोय झालेली आहे. परंतु माझ्या अंगठ्यावरच्या रेषा झिजल्यामुळे ते यंत्र मला दरवर्षी अनोळखी ठरवते, आणि मग चाकाच्या खुर्चीतून बँक गाठावी लागते.

सदाशिव पेठेतल्या आमच्या घरापासून बँक चारशे पावलांवर आहे, म्हणजे मी पावलांनी जात होतो तेव्हा होती. दुचाक्या चढू नयेत म्हणून पदपथाच्या तोंडाशी पोलादी खांब रोवले आहेत; त्यांतून दुचाकी अंग चोरून निघून जाते आणि माझी खुर्ची तेवढी अडते. अंधांना वाट दाखवणाऱ्या पिवळ्या फरश्या पुढे निष्ठेने सरळ जातात आणि विजेच्या डीपीला भिडतात. सुदैवाने मला दिसते, म्हणून आम्ही रस्त्यावर उतरलो.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानंतर आमच्या बँकेनेही दाराशी उतार बांधला. एक फूट उंचीला बारा फूट लांबी, असा त्याचा हिशेब असतो. दीड फुटाच्या जोत्याला अठरा फूट हवेत. बँकेने चार फुटांत काम उरकले असून उरलेल्या जागेत साहेबांची मोटार उभी असते. उतारावरच्या तुळशीच्या दोन कुंड्या आणि स्वतःचे स्टूल रखवालदाराने अदबीने हलवले, तोवर पाच-सहा जण जमले. त्यांपैकी ढकलणारा एकच होता. बाकीच्यांनी मार्गदर्शन केले. "उलटे फिरवून ओढा," असे एका गृहस्थांनी बजावले आणि ते खरेही होते, पण तोपर्यंत आम्ही मधोमध लटकलो होतो. एके काळी मी रोज पर्वती चढत असे, तेव्हा मात्र जिवंत असल्याचा पुरावा कोणी मागितला नव्हता.

आत खिडकी माझ्या डोक्याच्या हातभर वर होती. "पुढचे कोण?" असे काचेआडून दोनदा विचारून झाल्यावर, समोर कोणीच नाही असे पाहून, बाईंनी पाटी उलटी करायला घेतली.

"अहो, हे आहेत ना इथे, खाली," आमची सौ. म्हणाली. "हयातीच्या दाखल्यासाठी आलेत."

"ते काम यंदा पहिल्या मजल्यावर गेलंय," बाई म्हणाल्या. "लिफ्ट नाही, पण पाठवा त्यांना वर."