जुनी फ्रेंच चांदी, ‘८४’ आणि भरीवपणाचा गैरसमज

एकोणिसाव्या शतकातले नक्षीदार फ्रेंच काटे-चमचे, तबकं, सुरया म्हणजे भरीव, शुद्ध चांदीच. ‘८४’ असा आकडा दिसला की ८४ टक्के चांदी. राजेरजवाड्यांकडे तर भरीवच असणार. लोहचुंबक चिकटलं नाही, वस्तू काळी पडली की खात्री पक्की. असा मजकूर सध्या हातोहात फिरतोय. त्यावर विसंबून लोक पैसे मोजतात, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

आधी तो ‘८४’. फ्रेंच मुलाम्याच्या काट्या-चमच्यांवर हा आकडा टक्के सांगत नाही, ग्रॅम सांगतो : १२ चमचे आणि १२ काटे मिळून चढवलेली चांदी ८४ ग्रॅम. म्हणजे नगामागे सरासरी साडेतीन ग्रॅम! घोळ वाढतो तो रशियामुळे. तिथल्या जुन्या चांदीवरचा ८४ खरोखर कस दाखवतो, ९६ पैकी ८४ भाग.

‘राजेरजवाड्यांकडे भरीवच असणार’ हेही चूक. विजेच्या साहाय्याने मुलामा चढवण्याचे हक्क पॅरिसचा कारखानदार शार्ल क्रिस्तोफ्लने १८४२ मध्ये मिळवले, आणि फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने शंभर पाहुण्यांच्या मेजवानीसाठी त्याच्याकडूनच मुलाम्याचा भव्य संच करवून घेतला. १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यातली मेजाच्या मधोमध मांडायची शिल्पं झळकली. १८७१ मध्ये पॅरिसमधला सम्राटाचा त्विलरी राजवाडा जळाला, त्या राखेतून वाचलेले भाग आज पॅरिसच्या सजावटी कलांच्या संग्रहालयात आहेत. माझ्या मते हे काम भरीव चांदीपेक्षा उणं नाही. भरीव चांदीच्या नशिबी तर मूसच असे : फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १६८९ मध्ये युद्धखर्चासाठी आपली चांदी टांकसाळीत वितळवली.

‘शुद्ध’ म्हणाल, तर भरीव वस्तूही शंभर टंच नसते. निव्वळ चांदी मऊ, म्हणून तांबं मिसळतात. फ्रान्सच्या भरीव चांदीवर १८३८ पासून मिनर्व्हा या रोमन देवीच्या मुखाचा सरकारी ठसा येतो. जुन्या वस्तूंवर त्यात १ म्हणजे हजारात ९५० भाग चांदी, २ म्हणजे ८००.

चुंबक पितळ आणि जर्मन सिल्व्हरलाही (तांबं, निकेल, जस्ताचं मिश्रण, चांदी नव्हे) चिकटत नाही, आणि मुलाम्याच्या आत बहुधा हेच धातू असतात. काळं तर मुलामाही पडतो, वर चांदीच आहे ना!

भिंग घेऊन कारागिराच्या ठशाचा आकार बघा. पत्त्यातल्या चौकटसारखा असेल तर भरीव, सरळ चौरस असेल तर मुलामा. चौकट आणि मिनर्व्हा दोन्ही सापडेपर्यंत भरीव चांदीचा भाव देऊ नका.