बटाटा लावणारा आयरिश शेतकरी म्हणे आळशी!

‘आयर्लंडचे शेतकरी आळशी. नांगरट करायची नाही, बटाटे मातीत ढकलायचे आणि वर्षभर बसून खायचे. म्हणूनच १८४५ चा दुष्काळ पडला.’ हा मजकूर सध्या बराच फिरतोय. पुरावा काय, तर बटाट्याच्या त्या वाफ्यांना इंग्रजीत ‘लेझी बेड’, म्हणजे आळशी वाफे, म्हणतात!

नांगरट नसायची, हे खरं. पण पश्चिम आयर्लंडातल्या मेयो-कॉनेमाराच्या उतारांवर नांगर चालणार कुठे? खाली दगड, वर पाणी धरून बसणारी माती. तिथे गवताच्या पट्ट्यावरच शेणखत नाहीतर समुद्रशेवाळ पसरत. ते शेवाळ किनाऱ्यावरून टोपल्यांत भरून, पाठीवरून किंवा गाढवावरून आणावं लागे. त्यावर डोळे राखून कापलेलं बेणं मांडायचं. मग लॉय घ्यायचा. लांब दांडा, अरुंद पातं, पाय ठेवायला खाच असं हे फावडं. त्याने दोन्ही बाजूंची माती गवतासकट कापून बेण्यावर पालथी घालायची. गवत आतच कुजायचं, कापलेल्या जागी चर पडून पाणी निघून जायचं. कोंब वर आले की त्याच चरातली माती उचलून भर द्यायची. आपल्याकडे ज्याची शिफारस होते तो गादीवाफाच की हा! चार गुंठे पायाने लॉय दाबून बघा, मग आळसावर बोलू.

दुष्काळ पडला तो बटाट्यावरच्या करपा रोगाने. हा रोग या पद्धतीमुळे आला म्हणावं, तर त्याच वर्षी तो बेल्जियम-हॉलंडमध्येही होता. दमट हवेत तो झपाट्याने पसरतो, नांगरलेलं शेत बघून थांबत नाही. त्यावरचं औषध, द्राक्षवाल्यांच्या ओळखीचं मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, आलं थेट १८८० च्या दशकात.

‘एकाच वाणावर भिस्त’ हा आक्षेप मात्र बिनतोड आहे. लंपर हा वाण हलक्या जमिनीत भरपूर पिके, पण करप्यापुढे टिकला नाही. तरी तो का लावला? धान्य आणि डुक्कर विकून जमीनमालकाचा खंड भागवायचा. उरलेल्या तुकड्यात घरदार जगवणारं दुसरं पीक नव्हतं.

आणि देशात अन्नच नव्हतं, हेही अर्धंच. बाहेरून मका येत होता, तेव्हाच ओट, लोणी, गुरं बंदरांतून बाहेर जात होती. १८४७ च्या कायद्याने तर पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला सरकारी मदत बंद केली. मदत हवी असेल, तर ते वाफे आधी मालकाच्या हवाली करा.