रस्सा संपला

गेल्या आठवड्यात आमच्या मामे-आत्तेभावंडांच्या ग्रुपवर नाशिकच्या एका मिसळवाल्याच्या दारावरचा फोटो आला. पाटीवर दोनच शब्द : 'रस्सा संपला'. वेळ दुपारी साडेबाराची. खाली धाकट्या मामेभावाने लिहिलं, "केवढा हा माज! गिऱ्हाईक दारात उभं आणि यांना ते नकोय. म्हणूनच मराठी माणूस धंद्यात मागे." मग दोन दिवस सगळे त्या मिसळवाल्यावर तुटून पडले.

हाच मामेभाऊ मागच्या एप्रिलमध्ये आमच्याकडे जपानला, टोकियोतल्या निशी-कासाईला आला होता. घराजवळच्या रामेनच्या, म्हणजे सूपमधल्या नूडल्सच्या दुकानात त्याला घेऊन गेले, तर नोरेन, म्हणजे दारावरचा कापडी पडदा, आत घेतलेला आणि दारावर हाताने लिहिलेला कागद : सूप संपलं. मी वाचून दाखवल्यावर तो हरखून म्हणाला, "ताई, याला म्हणतात शिस्त! हजारो वर्षांची परंपरा आहे यांची." त्या कागदाचा फोटोही त्याने ग्रुपवर टाकला होता. अजून तिथेच आहे.

इथे शिस्त आणि तिथे माज? मला हे सहन होत नाही.

हजारो वर्षांचं तर सोडाच. ओझाकी कानइची यांनी टोकियोच्या आसाकुसा भागात राइराइकेन हे जपानमधलं सुरुवातीचं रामेनचं दुकान उघडलं ते १९१० साली, आणि स्वयंपाकी आणले योकोहामाच्या चिनी वस्तीतून. आमच्या दुकानातला म्हातारा सकाळी कोंबडीची हाडं आणि निबोशी, म्हणजे वाळवलेले छोटे मासे, शेगडीवर चढवतो. त्या पातेल्यात जेवढे वाडगे भरतील तेवढेच. वाढवायचं तर पाणी ओतावं लागेल, आणि ते तो कधीच ओतणार नाही. मिसळवाल्याने वेगळं काय केलं? कांदा-खोबरं भाजून, वाटून केलेला रस्सा संपला, त्याने पाटी लावली. पाणी घालून संध्याकाळपर्यंत रेटला असता, तर हीच भावंडं म्हणाली असती, आता पूर्वीची चव राहिली नाही.

हे सगळं मी रात्री जागून ग्रुपवर लिहिलं. मामेभावाचं एका ओळीत उत्तर आलं : "ताई, तुला तिकडे बसून बोलायला काय जातं?"

ते लागलं. नऊ वर्षं झाली मला इथे. रामेनच्या दुकानात जायचं, मशीनमधून तिकीट काढायचं, काउंटरवर ठेवायचं, 'कातामे', म्हणजे नूडल्स जरा कडक, म्हणायचं. खाऊन झालं की वाडगा वरच्या फळीवर ठेवायचा, समोरचा भाग फडक्याने पुसायचा, 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणून निघायचं. पंधरा मिनिटं. तू कुठली, इथे का आलीस, कोणी विचारत नाही. मला ते आवडतं. खरं सांगायचं तर त्याचीच सवय झाली आहे.

नाशिकला तोच मिसळवाला पूर्वी लांबूनच ओरडायचा, "काय गं, तर्री जास्त ना?" गेल्या दिवाळीत गेले तर खुर्ची पुसून दिली, न मागता दही आणून ठेवलं आणि विचारलं, "कधी आलात? किती दिवस आहात?" किती मायेने विचारलं त्याने. पण 'आलात' ऐकून माझा घास अडकला.

परवा शनिवारी रामेन खायला गेले. तिकीट काउंटरवर ठेवायच्या आधीच म्हातारा म्हणाला, "कातामे?" नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी मान हलवली. वाडगा येईपर्यंत मामेभावाला उत्तर लिहायचं ठरवून आले होते. फोन पर्समधून काढलाच नाही.