दुधाच्या गावात चहा पिणारी पोरं

स्पष्टच लिहिते. मी चॉकलेट दुधाची बाजू घेणार आहे. आणि कमेंटमध्ये 'साखर, साखर' म्हणून ओरडणाऱ्यांसाठी साखरेचा हिशेबही देणार आहे.

कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाला आम्हा मुलींना 'कृषीकन्या' म्हणून गावात पाठवतात. माझ्या वाट्याला सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यातलं एक गाव आलं. माती परीक्षण, बीजप्रक्रिया, मुरघास (मुरवून साठवलेला हिरवा चारा) ही ठरलेली प्रात्यक्षिकं झाली. पण हा सगळा पट्टाच दुधाचा. भिलवडीत चितळ्यांची डेअरी १९३९ पासूनची, पलीकडे इस्लामपूरला राजारामबापू दूध संघ, आणि दारोदारी म्हैस नाहीतर एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, परदेशी जातीची) गाय. म्हणून शाळेत दुधावर बोलायला गेले. "सकाळी काय पिऊन आलात?" अख्खा वर्ग एका सुरात, "चहा!" सोबत बटर नाहीतर खारी.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. धार काढली की किटली थेट संकलन केंद्रावर. घरात उरतं ते चहापुरतं. यात मी कुणाला नावं ठेवत नाही. उसाचं बिल हातात पडायला वर्ष-दीड वर्ष जातं, दुधाचं दहा दिवसांनी येतं. किराणा, औषधपाणी, वह्या सगळं त्यातच. एक काकू मला म्हणाल्या, "पोरानं पेलाभर पिलं तर सरकीचं पोतं तू आणून देणार का गं?" यावर भाषण करण्यात अर्थ नव्हता.

पण सगळ्याच घरांत प्रश्न पैशाचा नाही. बऱ्याच ठिकाणी आई पेला भरून ठेवते आणि पोरगं साय बघून नाक मुरडतं. तिथे दुधात कोको घातला की चालतो. मग पोरगं साध्या दुधाऐवजी चॉकलेटचं पितं असं नसतं. ते चहा सोडून दूध पितं, आणि माझा सगळा मुद्दा एवढाच आहे.

आता हिशेब. २०० मिली दुधात त्याची स्वतःची साखर, म्हणजे लॅक्टोज, ९-१० ग्रॅम असते. सोबत ६-७ ग्रॅम प्रथिनं आणि साधारण २४० मिलिग्रॅम कॅल्शियम. बाटलीबंद चॉकलेट दुधात वरून आणखी साखर घालतात. किती, ते लेबलवर 'वरून घातलेली साखर' या ओळीत बघा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसालाही वरची साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी म्हणते. म्हणजे बाटली रोज नको, हे मान्य. पण चहातही साखर आहेच, दूध मात्र रंगापुरतं. शिवाय चहातलं टॅनिन अन्नातलं लोह नीट अंगी लागू देत नाही.

पैलवान मंडळींसाठी थोडं. २००६ साली अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात सायकलपटूंना दमवून मग चॉकलेट दूध दिलं, त्याने थकवा भरून यायला मदत झाली असं निघालं. सायकलपटू मोजके होते आणि पैशात दूध उद्योगाचा हात होता, तेव्हा जरा हातचं राखूनच विश्वास ठेवा. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं ते काही कोकोच्या जोरावर नव्हे.

अमेरिकेतल्याच मिनेसोटा राज्यात दरवर्षी दुधाची तरुण राजदूत निवडतात आणि जत्रेत चाळीसेक किलो लोण्याच्या ठोकळ्यात तिचा चेहरा कोरतात! आमच्या वाट्याला ग्रामपंचायतीसमोरचा फ्लेक्स आला. तोही वाऱ्याने फाटला.

घरी करायचं असेल तर 'ड्रिंकिंग चॉकलेट' घेऊ नका, त्यात निम्म्याहून जास्त साखरच असते. बिनसाखरेची कोको पावडर घ्या. पेल्याला एक सपाट चमचा पुरे. आधी दोन चमचे गार दुधात कालवा, मग गरम दूध ओता. थेट टाकली तर गुठळ्या होतात. साखर एक चमचा, आणि दर आठवड्याला थोडी कमी करत न्या. कोको विरघळत नाही, तळाशी बसतो, म्हणून पिताना ढवळा. दूध पचतच नसेल त्याने ताक प्यावं, उगाच हट्ट नको.

राहिली गावची दूध संस्था. सभेला सभासदांना डबे, चादरी वाटता ना? मग २६ जानेवारीला झेंडावंदनानंतर शाळेत गोळ्या-बिस्किटांऐवजी चॉकलेट दूध द्या. दूध गावचंच, पोरंही गावचीच. चेअरमन साहेबांना विचारलंय, 'बघू' म्हणालेत. सचिवांनी मात्र किती पोरं आहेत ते लिहून घेतलंय.